फरशी न फोडता वरून लाकडी डेक करायचा तर

पत्र: घराच्या मागच्या दाराबाहेर, बागेत, ४ मीटर × ३ मीटरची जुनी फरसबंदी आहे. फरशी डागाळलेली आहे, पण घट्ट आहे. दोनच फरश्या पाय पडला की डुगडुगतात. ढाळ घराकडून बागेकडे आहे. एका कोपऱ्यात सांडपाण्याच्या चेंबरचं झाकण आहे. दाराचा उंबरठा फरशीपासून १५ सेंटिमीटर वर आहे. फरशी तशीच ठेवून वर लाकडी डेक करायचा विचार आहे. सुतार म्हणतो, फरशीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरू, त्यावर बॅटन (फळ्यांना खालून आधार देणारे लाकडी दांडे) ठेवून स्क्रूने फरशीत आवळू, फळ्या एकमेकींना भिडवून लावू म्हणजे खुर्चीचा पाय अडकणार नाही, डेक उंबरठ्याच्या बरोबरीला आणू आणि वरून पॉलिश मारू. हे टिकेल का? सामान किती लागेल? चेंबरचं काय करायचं?

उत्तर: अशा रीतीने केलेला डेक टिकणार नाही. फरशी न फोडण्याचा तुमचा विचार मात्र अगदी योग्य आहे. घट्ट बसलेली, ढाळ असलेली फरशी म्हणजे डेकला आयता पाया. ती फोडून माती उघडी केली तर ओल, तण आणि वाळवी तिन्ही वाढतील आणि वर पाया नव्याने करावा लागेल.

तुमच्या सुताराला काम येत नाही असं समजू नका. त्याने सांगितलेली रीत घरातल्या लाकडी जमिनीची आहे. घरात वरून पाणी पडत नाही, म्हणून तिथे फळ्या भिडवतात, खाली कागद घालतात, वर पॉलिशचा थर चढवतात. बाहेर पाऊस डेकवर पडणारच. तो फटींतून खाली उतरला पाहिजे, फरशीच्या ढाळावरून बागेत गेला पाहिजे, आणि मागे राहिलेली ओल खालून वाहणाऱ्या हवेने सुकली पाहिजे. पुढचं प्रत्येक माप या तीन गोष्टींसाठी आहे.

फळीच्या वरच्या अंगाला पडलेलं पाणी ऊन पडलं की काही तासांत वाळतं. कुजायला सुरुवात होते ती बॅटन आणि फरशी यांच्यामधल्या कागदाइतक्या पातळ फटीत. तिथे शिरलेलं पाणी सहजी बाहेर येत नाही, हवाही लागत नाही, आणि लाकूड दिवसेंदिवस ओलं राहतं. लाकडातली ओल बराच काळ २० टक्क्यांच्या वर राहिली की कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. प्लॅस्टिकचा कागद अंथरला तर हेच पाणी कागदाच्या सुरकुत्यांत डबकी करून बसतं, म्हणजे बॅटन कायमचे पाण्यात. तण येईल म्हणून कागद हवा असं कोणी सांगेल. सांधे भरलेल्या फरशीतून तण येत नाही. जिथे सांधे मोकळे झाले आहेत तिथे ते खरवडून सिमेंट-वाळूने भरा, तेवढं पुरे.

कामाला हात लावण्याआधी फरशीची परीक्षा करून घ्या. सगळी फरशी हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. भरीव फरशी टणक आवाज देते, पोकळ फरशी ढबढब वाजते. डुगडुगणाऱ्या दोन फरश्या आणि पोकळ वाजणाऱ्या ज्या सापडतील त्या काढून सिमेंट-वाळूच्या नव्या मसाल्यावर बसवा. त्यांच्यावर बॅटनची टेकण आली तर डेक तिथे आयुष्यभर टकटक करेल. मग भिंतीच्या बाजूने तीन-चार बादल्या पाणी ओता आणि अर्ध्या तासाने बघा. जिथे पाणी साचून राहिलं असेल तिथे खडूने गोल काढा. दोन-तीन मिलिमीटरचं डबकं चालेल, बॅटन त्याच्या वर उचललेले असतील. त्याहून खोल खड्डा मसाल्याने भरून घ्या. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडा आणि फरशी चार-पाच दिवस कडक वाळू द्या. जोत्याच्या कडेने मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी आहे. तिचा बंदोबस्त आधी, लाकूड नंतर. छपराच्या पन्हळीचा पाइप फरशीवर सुटत असेल तर तो आताच लांबवून डेकच्या बाहेर न्या.

आता उंचीचा हिशोब. टेकणीचा रबर पॅड ८ मिलिमीटर, बॅटन ५०, फळी २८. एकूण ८६ मिलिमीटर. तुमचा उंबरठा १५० वर आहे, म्हणजे डेकचा वरचा भाग उंबरठ्याच्या ६४ मिलिमीटर खाली राहील. हे चांगलं आहे, तसंच ठेवा. डेक उंबरठ्याच्या बरोबरीला आणण्याची हौस अनेकांना असते, पण वाऱ्याच्या पावसात फळीवर आपटून उडणारे थेंब मग थेट दाराच्या चौकटीवर येतात आणि चौकटीचे पाय फुगतात. घराच्या जोत्यात ओल अडवणारा जो थर असतो, त्याच्या खाली बाहेरची जमीन निदान १५० मिलिमीटर असावी असा बांधकामातला नेम आहे. फटी असलेल्या डेकमधून पाणी खाली फरशीवर जातं, म्हणून इथे खरी जमीन फरशीच धरायची. मात्र त्यासाठी डेकचं लाकूड भिंतीला कुठेही टेकता कामा नये. भिंत आणि तिच्यालगतची फळी यांच्यात १० मिलिमीटर मोकळे सोडा आणि ती फट सिलिकॉनने बुजवू नका. जोत्यात हवेच्या जाळ्या असतील तर त्यांच्यासमोर काहीही येऊ देऊ नका.

(तुमच्याकडे उंची आहे. ज्यांच्या उंबरठ्याखाली ६०-७० मिलिमीटरच आहेत त्यांनी बॅटन तासून बारीक करू नयेत. २० ते ३० मिलिमीटर उंचीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घ्याव्यात, किंवा प्लॅस्टिकच्या जाळीवर बसवलेल्या, एकमेकींत अडकणाऱ्या लाकडी चौकोनी टाइल.)

बॅटनची दिशा ही या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि चुकते तीही हीच. बॅटन ढाळाच्या दिशेने, म्हणजे भिंतीकडून बागेकडे लावायचे. तसे लावले की दोन बॅटनांमधली प्रत्येक जागा एक सरळ पन्हळ होते आणि पाणी न अडता निघून जातं. आडवे लावलेत तर प्रत्येक बॅटन हा एक छोटा बंधारा. फळ्या बॅटनांना काटकोनात, म्हणून त्या आपोआप भिंतीला समांतर येतात.

डेक अगदी पाणसळीत करायचा का? ३ मीटरमध्ये ८० ला १ असा ढाळ असेल तर दोन टोकांत ३७ मिलिमीटरचा फरक पडतो. आमचं मत, तो तसाच राहू द्या. एवढा ढाळ डोळ्याला कळत नाही, खुर्ची डगमगत नाही, आणि प्रत्येक फळी तिच्या रुंदीत मिलिमीटर-दीड मिलिमीटर कललेली राहिल्याने पाणी फटीकडे सरकतं. पाणसळीत आणायला बागेकडच्या टोकाला पॅडवर पॅड रचत जावं लागतं, आणि मिळतं काय तर फळीवर थांबणारं पाणी.

पॅड रबराचे किंवा कडक प्लॅस्टिकचे घ्या, ३, ५ आणि ८ मिलिमीटर अशा तीन जाडीचे. लाकडाच्या चिपा किंवा प्लायचे तुकडे खाली सरकवू नका. ते पाणी पितात, दबतात आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत चौकट सैल होते. ३ मीटरच्या प्रत्येक बॅटनखाली आठ टेकणी, म्हणजे साधारण दर ४३० मिलिमीटरला एक. कडेचे दोन बॅटन आधी बसवा, त्यांच्या माथ्यावरून दोरी ताणा आणि मधले सगळे दोरीला आणा. प्रत्येक बॅटन बसला की त्यावर टाच दाबून चाला. जिथे आवाज येईल तिथे पॅड आणि बॅटन यांच्यात पोकळी आहे; ३ मिलिमीटरचा पॅड सरकवून ती भरा. फळ्या लागल्यावर हे दुरुस्त करता येत नाही.

बॅटन ५० × ५० मिलिमीटरचे, मध्यापासून मध्यापर्यंत ४०० मिलिमीटरवर. ४ मीटर रुंदीत अकरा बॅटन येतात. २८ मिलिमीटरच्या फळीला हे अंतर पुरतं. फळ्या तिरप्या टाकायच्या असतील तर ३०० वर या, कारण तिरप्या फळीला दोन बॅटनांमधलं अंतर जास्त पडतं आणि पायाखाली ती लवते. बॅटन जागचे हलू नयेत म्हणून भिंतीकडे, मध्ये आणि बागेकडे असे तीन ओळींत आडवे तुकडे बसवा, प्रत्येकी ३५० मिलिमीटर लांब. हे तुकडे ५० ऐवजी ४० उंचीचे करा आणि माथा बॅटनच्या बरोबरीला ठेवा. मग त्यांच्याखाली १८ मिलिमीटरची वाट राहते आणि पाण्याबरोबर आलेला पालापाचोळाही निसटतो. बागेकडच्या तोंडाला चार मीटरचं एकसंध लाकूड टेकवून चौकट बंद करण्याचा मोह आवरा. ते दिसायला सुबक असतं, पण सगळ्या पन्हळी एकदम बुजतात. तोंड झाकायला उभी फळी लावायची असेल तर तिची खालची कड फरशीपासून निदान १५ मिलिमीटर वर हवी.

आणि फरशीत स्क्रू नकोत. प्रत्येक भोक म्हणजे पाणी धरून ठेवणारी वाटी, वर फरशी तडकण्याची भीती. सागासारख्या लाकडाचा असा १२ चौरस मीटरचा डेक फळ्या आणि बॅटन धरून सुमारे पावणेतीनशे किलोचा होतो; तो स्वतःच्या वजनाने जागेवर राहतो. हाच डेक गच्चीवर करायचा असता तर भोक पाडण्याचा प्रश्नच नव्हता, खाली जलरोधक थर असतो.

बॅटन आणि फळी यांत पैसे वाटताना बहुतेक जण उलटं करतात. फळी दिसते म्हणून ती उत्तम घेतात आणि बॅटनला गोदामात पडलेलं काहीही चालवतात. पाच वर्षांनी फळी ठणठणीत असते आणि खालचा बॅटन स्क्रू धरत नाही. फळी कधीही बदलता येते, बॅटन बदलायचा तर सगळा डेक उकलावा लागतो. हात आखडायचाच तर फळीवर आखडा. बॅटनसाठी दाबाखाली औषध मुरवलेलं पाइन घ्या आणि ते जमिनीलगत वापरण्याच्या दर्जाचं आहे ना हे विचारून घ्या; नुसतं वरून औषध फासलेलं चालणार नाही. किंवा सागाचा गाभा घ्या. गाभाच, कारण सालीलगतचा फिकट पट्टा सागाचा असला तरी तो बुरशीला आणि किडीला टिकत नाही, आणि नेमका तोच स्वस्त म्हणून बॅटनच्या नावाखाली खपवला जातो. लॉट निवडताना टोकाचा काप बघा. फिकट पट्टा तिथे स्पष्ट दिसतो. बॅटनच्या माथ्यावर बिटुमेन किंवा ब्युटाइलची चिकट पट्टी लावून घ्या. फटीतून उतरणारं पाणी बॅटनवर पडतं आणि स्क्रूच्या भोकातून आत जातं, ते या पट्टीने अडतं.

फळ्यांसाठी साग, उष्णतेने प्रक्रिया केलेलं लाकूड किंवा औषध मुरवलेलं पाइन, काहीही चालेल. १२० मिलिमीटर रुंद, २८ जाड धरून पुढचा हिशोब आहे. एका बाजूला बारीक खाचा असलेल्या फळ्या मिळतात, खाचांमुळे पाय घसरत नाही असं सांगून त्या विकतात. तुमच्या डेकवर फळ्या ढाळाला आडव्या आहेत, तेव्हा प्रत्येक खाच पाणी आणि धूळ धरेल आणि त्यात शेवाळ येईल. गुळगुळीत बाजू वर करा.

लाकूड आणल्याबरोबर ठोकायला घेऊ नका. सावलीत, हवेशीर जागी, दोन थरांमध्ये पट्ट्या घालून दहा-पंधरा दिवस रचून ठेवा. त्याच काळात प्रत्येक फळीला चारही बाजूंनी तेलाचा एक हात द्या. फक्त वरून तेल दिलं तर खालची बाजू ओल जास्त घेते, फळी वाटीसारखी वाकते. औषध मुरवलेलं पाइन ओलंच येतं, त्याला तेलाची घाई करू नका. त्यावर पाण्याचा थेंब टाका, तो काही मिनिटांत मुरला तर ते तेल घ्यायला तयार आहे. कापलेल्या प्रत्येक टोकाला मात्र लगेच, त्याच मिनिटाला, लाकूडरक्षक औषध किंवा मेण लावा. लाकडाच्या नळ्या टोकाला उघड्या असतात, तिथून पाणी अंगापेक्षा कितीतरी वेगाने चढतं. औषध मुरवलेल्या लाकडातही औषध गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं, कापलं की आतलं कोरडं लाकूड उघडं पडतं.

आता भिडवलेल्या फळ्यांचं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत ओलीबरोबर फुगतं. पावसात प्रत्येक फळी फक्त दीड मिलिमीटर फुगली असं धरलं तरी चोवीस ओळींत ३६ मिलिमीटर होतात. तेवढी जागा नसली की फळ्या मधून उचलल्या जातात किंवा भिंतीवर रेटा देतात. वाळलेल्या लाकडाला ५ मिलिमीटरची फट ठेवा, दोन सुतांपेक्षा जरा कमी. तेवढ्यात खुर्चीचा पाय जात नाही, पाणी आणि बारीक माती जाते. ओलसर पाइनला ३ मिलिमीटर पुरते, वाळता वाळता ती आपसूक रुंदावते. मात्र मग खालच्या हिशोबात फरक पडतो, चोवीस ओळी २,९४९ मिलिमीटरच भरतात.

तुमचा हिशोब असा. फरशीची खोली ३,००० मिलिमीटर. चोवीस फळ्या म्हणजे २,८८०, त्यांत २३ फटी ५ च्या म्हणजे ११५, एकूण २,९९५. भिंतीकडचे १० मिळवले की ३,००५. म्हणजे बागेकडची फळी फरशीच्या जेमतेम ५ मिलिमीटर बाहेर येते आणि एकही फळी लांबीत चिरावी लागत नाही. फट ६ ची केली असती तर हेच २३ मिलिमीटरने वाढलं असतं. म्हणून दुकानातून फळी आली की तिची खरी रुंदी मोजा, ११८ आणि १२० मध्येही चोवीस ओळींत ४८ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि फट त्यानुसार ठरवा.

फळ्या ४ मीटरच्या मिळाल्या तर सांधा येत नाही. ९६ मीटर लागतात, दहा टक्के जास्त धरून १०६ मीटर मागवा. आखूड फळ्या असतील तर सांधे येतील, आणि इथे एक चूक हमखास होते. दोन फळ्यांची टोकं एकाच ५० मिलिमीटरच्या बॅटनवर आणली तर प्रत्येकीला पंचवीसही मिळत नाहीत. स्क्रू टोकापासून १२ मिलिमीटरवर बसतो आणि फळी चिरते. सांध्याखाली दोन बॅटन शेजारी शेजारी ठेवा, त्यांत थोडी फट सोडून. प्रत्येक टोक स्वतःच्या बॅटनवर टेकेल, टोकांमध्येही ५ मिलिमीटर राहील आणि पाणी तिथून निघून जाईल. सांधे एका ओळीत १.६ मीटरवर, पुढच्या ओळीत २.४ मीटरवर असे आलटून पालटून घ्या. त्यासाठी फळ्या निदान २.४ मीटर लांब हव्यात आणि दोन बॅटन जास्त लागतील.

एकूण बॅटन: अकरा गुणिले ३ मीटर म्हणजे ३३ मीटर, आडव्या तुकड्यांचे साडेदहा, मिळून साडेत्रेचाळीस, वाया जाणारं धरून ४८ मीटर. सांधे असतील तर ५५. पॅड ८८ लागतात, १०० घ्या, त्याशिवाय ३ मिलिमीटरचे तीसेक. स्क्रू फळी जिथे बॅटनवरून जाते तिथे प्रत्येक ठिकाणी दोन, चोवीस ओळी, अकरा बॅटन, म्हणजे ५२८. ६०० घ्या, सांधे असतील तर ६५०. आडव्या तुकड्यांचे वेगळे.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, ३०४ दर्जाचे. समुद्राजवळ घर असेल तर ३१६. लोखंडी स्क्रू सागातल्या टॅनिनशी मिसळून काळे ओघळ सोडतो, आणि पाइनमधल्या तांबेयुक्त औषधाने साधा झिंक चढवलेला स्क्रू झपाट्याने खाल्ला जातो. जाडी ५ मिलिमीटर, लांबी ७०. लांबी नीट लक्षात ठेवा: फळी २८ आणि बॅटन ५० मिळून ७८, म्हणजे ७० चा स्क्रू बॅटनच्या आत ८ मिलिमीटर थांबतो. ८० चा घेतला तर टोक बॅटनच्या खालून २ मिलिमीटर बाहेर येतं. 

फळ्या लावायला बागेकडच्या कडेपासून सुरुवात करा. पहिली फळी दोरीला अचूक लावली की दर्शनी रेघ सरळ येते, आणि शेवटी राहिलेली दोन-चार मिलिमीटरची गडबड भिंतीकडच्या फटीत मुरते. फटीसाठी ५ मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे तुकडे मध्ये धरा, अंदाजाने नको. दर पाच ओळींनी दोन्ही टोकांकडून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. तीन मिलिमीटरचा फरक दिसला तर तो पुढच्या तीन ओळींत वाटून टाका, एकाच फटीत नको. वाकडी फळी पटाशीने रेटून जागेवर आणा आणि मग स्क्रू मारा.

प्रत्येक भोक आधी पाडून घ्या, ४ मिलिमीटरच्या बिटने, फळीच्या कडेपासून २० मिलिमीटर आत. स्क्रूच्या डोक्यासाठी काउंटरसिंकने उथळ खळगा करा. मशीनचा जोर कमी ठेवा आणि डोकं फळीच्या बरोबरीला आलं की थांबा. खोल गेलेल्या डोक्यावर पाण्याचा थेंब साचतो, फाटलेले तंतू तो शोषतात, आणि पहिला काळा ठिपका तिथेच उमटतो. स्क्रूची रांग सरळ यावी म्हणून बॅटनच्या मध्यावर दोरीने खडूची रेघ मारून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण तयार डेकवर नजर आधी या रेघांवरच जाते.

चेंबरच्या झाकणावर बॅटन टेकवू नका. झाकणाच्या चौकटीच्या अलीकडे बॅटन थांबवा, दोन्ही बाजूंच्या बॅटनना आडवा तुकडा जोडून मोकळी चौकोनी जागा करा, झाकणापेक्षा चारही बाजूंनी निदान ५० मिलिमीटर मोठी. या जागेच्या आतल्या कडांना आधाराच्या पट्ट्या लावा. वरच्या फळ्या बाकीच्या डेकबरोबर सलग लावा आणि शेवटी तिथे करवतीने कापून घ्या, म्हणजे रेषा आणि रंग जुळतात. कापलेले तुकडे उलटे ठेवून त्यांच्या पाठीवर २५ मिलिमीटर जाडीच्या दोन आडव्या पट्ट्या ४५ मिलिमीटरच्या स्क्रूने बसवा. २८ आणि २५ मिळून ५३, म्हणून टोक वर येत नाही. हा पाट चौकटीला स्क्रूने बांधायचा नाही, नुसता आत बसवायचा. उचलायला दोन बाजूंना बोट जाईल अशी २० मिलिमीटरची भोकं पाडा. चेंबर तुंबतं ते बहुधा रात्री नाहीतर सणाच्या दिवशी. तेव्हा ड्रिल मशीन शोधत बसायची वेळ येऊ नये. पाट किती जड झाला ते आताच एकट्याने उचलून बघा, झेपत नसेल तर त्याचे दोन भाग करा.

पॉलिशचं उत्तर सरळ आहे: नको. पॉलिश, मेलामाइन, वॉर्निश यांचा पृष्ठभागावर पापुद्रा तयार होतो. बाहेरचं लाकूड सतत फुगतं आणि आकसतं, पापुद्रा फाटतो, फाटीतून पाणी आत जातं आणि खाली अडकतं. मग सोलून काढण्याशिवाय उपाय नाही. आत मुरणारं, थोडा रंग असलेलं डेक ऑइल वापरा. रंगाच्या कणांमुळे ऊन अडतं. पातळ हात द्या आणि वीस मिनिटांनी जे मुरलं नाही ते कापडाने पुसून घ्या, नाहीतर चिकट राहतं. वर्षातून एकदा, पावसाआधी. तेल दिलंच नाही तर लाकूड उन्हाने करडं पडतं. तो रंगाचा बदल आहे, कुजणं नाही, आणि काहींना तो आवडतो. तेलाने भिजलेले बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अशी तेलं वाळताना तापतात आणि चुरगळलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते मोकळ्या जागी उलगडून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

देखभालीत सगळ्यात जास्त फरक पडतो तो फटी साफ ठेवण्याने. बॅटनच्या वर आलेल्या फटीत पानं आणि माती कुजून चिखल होतो आणि तो स्पंजासारखा ओल धरतो. बोथट सुरी किंवा पातळ पट्टीने तो वर्षातून दोनदा काढा. शेवाळ आलं तर लांब दांड्याचा ताठ ब्रश आणि सोडियम परकार्बोनेटचं पाणी. जोरदार पाण्याचा पंप जवळून मारला तर मऊ तंतू निघून जातात आणि फळी खरबरीत होते. कुठे लोखंडाचा काळा डाग पडलाच तर ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने तो जातो. हातमोजे आणि चश्मा घालून लावा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. कुंड्या डेकवर थेट ठेवू नका, खाली पाय द्या.

पहिल्या मोठ्या पावसानंतर चेंबरवरचा पाट उचला आणि बॅटरीच्या उजेडात फरशीवर आडवी नजर टाका. पन्हळींतून पाणी गेलेलं दिसलं पाहिजे. कुठे साचलं असेल तर बागेकडच्या तोंडाशी माती चढली आहे का ते बघा. फुलझाडांचा वाफा हळूहळू उंच होत जातो आणि वाट बुजवतो. माती फरशीच्या पातळीखाली उतरवा आणि त्या कडेला हातभर रुंदीची खडी पसरा.